तळाशी पाणी साचतंय

प्रश्न : चौदा फुटी, रिव्हेट (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्या) मारलेली जुनी अॅल्युमिनियमची मासेमारीची बोट घेतली. तासाभरात तळाशी पाणी साचतं, डब्याने उपसावं लागतं. दोन मुलांना घेऊन जावं का?

उत्तर : गळती सापडेपर्यंत मुलांना नेऊ नका. आधी पाणी काढायचं मागचं बूच बघा, त्याचं रबर कडक झालं की तिथूनच पाणी शिरतं. ते ठीक असेल तर बोट जमिनीवर ठोकळ्यांवर नीट टेकवून आत थोडंसंच पाणी ओता (जास्त नको, वजनाने तळ वाकतो) आणि खाली आडवे होऊन बघा. माझ्या बोटीत पुढच्या बाकाखालच्या तीन रिव्हेटांच्या कडेला थेंब धरत होते. एकेक थेंब फुगायचा, टपकायचा, पुन्हा धरायचा. तिथे खडूने खूण केली. सैल रिव्हेट मागून आधार देऊन ठोकून घट्ट होते, झिजलेली बदलावीच लागते. नुसता सीलंट फासून भागवू नका.

तळाला तांबंयुक्त रंग मात्र कधीच लावू नका. पाण्यात तांब्याच्या संगतीने अॅल्युमिनियम खाल्लं जातं, खाऱ्या पाण्यात तर फारच झपाट्याने.

आणि मुलांचं. लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच घालायचं, मापाचं, पट्टे आवळून. खांद्यांना धरून वर उचललं तर ते हनुवटीवर सरकता कामा नये. मासा लागला की दोघं एकाच बाजूला धावतात आणि हलकी बोट लगेच कलते, म्हणून माझ्याकडे बसूनच गळ ओढायचा नियम आहे.