खानापूरहून बेळगावात नोकरीच्या मुलाखतीला जायचंय. इंग्रजीतले कोणते वाक्प्रचार माहीत असावेत?

उद्यमबागेतली फौंड्री असो की कॅम्पातलं ऑफिस, मोजकेच पुरतात. स्वतः वापरण्यापेक्षा समोरचा बोलला तर कळायला हवेत.

'पीस ऑफ केक' म्हणजे डाव्या हातचा मळ. 'अंडर द वेदर' म्हणजे तब्येत जरा बरी नाही. 'कॉल इट अ डे' म्हणजे आजचं काम इथंच थांबवू.

जपायचं ते 'कट कॉर्नर्स'ला. ऐकायला काटकसर वाटते, पण अर्थ आहे वेळ-पैसा वाचवायला कामच कच्चं ठेवणं. 'आय नेव्हर कट कॉर्नर्स' म्हणा, छान. त्यातलं 'नेव्हर' गाळलंत तर नोकरी गेलीच म्हणून समजा!

'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे सठीसहामाशी. एकाच इंग्रजी महिन्यात 2 पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात. असं साधारण अडीच वर्षांनी होतं. चंद्र मात्र नेहमीच्याच रंगाचा.

निघताना कुणी 'ब्रेक अ लेग' म्हणालं तर रागावू नका, नाटकवाल्यांच्या शुभेच्छा आहेत त्या.

बाकी साधं इंग्रजी बोला. मराठीबरोबर कन्नडही येत असेल तर ते मात्र आवर्जून सांगा, इथं त्याला भाव आहे.