‘कूलनेस’च्या रकान्यात कोणता शब्द घालावा?

प्रश्न असा आहे: मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या डिझाइन महोत्सवात काल्पनिक मोटारींची स्पर्धा आहे. रस्त्यावर नसलेली, कदाचित कधी येणारही नाही अशी गाडी कागदावर उतरवायची. गुणतक्ता यंदा मराठीत करायचाय. ‘नावीन्य’, ‘बांधणी’, ‘उपयुक्तता’, ‘सादरीकरण’ हे रकाने झाले आणि ‘कूलनेस, २० गुण’ इथे घोडं अडलं. ‘शीतलता’वर समितीत हशा पिकला, ‘भारीपणा’वर एकमत होईना. ‘रुबाब’ चालेल का?

चालेल. फक्त निकाल वेगळा लागेल. रकान्याचं नाव ही परीक्षकाला दिलेली सूचना असते. ‘देखणेपणा’ लिहिलंत तर तो सौंदर्याला गुण देईल, ‘रुबाब’ लिहिलंत तर दबदब्याला. म्हणून आधी नेमकं काय मोजायचंय ते ठरवावं लागतं. मराठीत या प्रांतात शब्दांची टंचाई नाही, उलट गर्दी आहे, आणि प्रत्येकाचा रोख थोडा वेगळा आहे.

‘शीतलता’ हसण्यावारी गेली ते बरंच झालं. इंग्रजीतल्या ‘कूल’मागे न डगमगण्याची, घाम न फुटण्याची कल्पना आहे, तिथून तो शब्द जॅझ वाजवणाऱ्यांच्या बोलीतून कौतुकाचा झाला. मराठीत थंडाव्याने हा प्रवास केलाच नाही. आपल्याकडे ‘थंड डोक्याचा’ माणूस कौतुकाचा ठरू शकतो, पण नुसता ‘थंड’ म्हणजे निरुत्साही, आणि ‘थंड प्रतिसाद’ म्हणजे नाटक पडल्यातच जमा. ‘गार पडला’ म्हटलं की बोलायचंच नको. गाडीला ‘थंड’ म्हटलं तर मुंबईकर एसीबद्दलच विचारणार.

मग मूळ ‘कूल’च ठेवून ‘कूलपणा’ का करू नये? व्याकरणाची आडकाठी नाही. ‘पणा’ हा प्रत्यय परक्या शब्दांनाही बिनतक्रार लागतो, ‘स्मार्टपणा’ आपण रोज म्हणतो. अडचण अर्थाची आहे. मराठी बोलण्यात ‘कूल’ बहुतेक वेळा माणसाच्या स्वभावाला लागतो (‘सर एकदम कूल आहेत’ म्हणजे रागावत नाहीत), नाहीतर ‘ठीक, कळलं’ या अर्थी नुसता हुंकार म्हणून येतो. आणि गाडीपुरतं बोलायचं तर मुंबईत ‘कूल कॅब’ हा शब्द कधीच वाटून गेलाय: ती निळी-चंदेरी वातानुकूलित टॅक्सी. तिच्या दिसण्याबद्दल कोणी कविता केल्याचं ऐकिवात नाही.

आता ‘भारी’. तरुण परीक्षकांच्या तोंडी हाच येईल आणि बोलताना तो चोख आहे. पण तो गाडीच्या बाबतीत दोन ठिकाणी घसरतो. एक म्हणजे वजन. डिझाइनच्या स्पर्धेत ‘गाडी भारी आहे’ हे वाक्य बांधणीच्या रकान्यात तक्रार ठरेल आणि शेजारच्या रकान्यात शाबासकी. दुसरं म्हणजे किंमत. ‘भारीतली साडी’ म्हणजे महागाची साडी. साठीच्या प्राध्यापकाच्या कानाला ‘भारी’त अजून तो उंचीपणा ऐकू येतो, एकोणीस वर्षांच्या मुलाला मुळीच येत नाही. एकाच तक्त्यावर दोघे दोन गोष्टी मोजणार. ‘कडक’चं तेच. मुंबईच्या बोलीत तो फार गोड शब्द आहे, कडक चहापासून कडक इस्त्रीपर्यंत सगळीकडे शोभतो. पण गॅरेजमध्ये ‘सस्पेन्शन कडक आहे’ म्हणजे खड्ड्यात कंबर मोडणार. ‘दमदार’ इंजिनाकडे नेतो, ‘सुबक’ हाताच्या कारागिरीकडे, ‘रेखीव’ रेषांकडे. ‘सुबक’ तर ‘सादरीकरण’च्या रकान्यात सरळ घालून टाका, तिथे तो नेमका बसतो. ‘झकास’, ‘सॉलिड’, ‘जबरी’, ‘एक नंबर’ हे सगळे उद्गार आहेत. उद्गाराचा रकाना होत नाही. ‘झकासपणा ८’ वाचून कोणाला काय कळणार?

‘रुबाब’ जरा सविस्तर पाहायला हवा, कारण बहुतेक समित्या शेवटी त्याच्यावर येऊन थांबतील. रुबाब समोरच्यावर पडतो. त्यात पद, पैसा, अधिकार यांची छाया असते: साहेबाचा रुबाब, पाटलाचा रुबाब. खऱ्या गाडीला तो कुठून येतो? बोनेटवरच्या चिन्हातून, किमतीतून, पूर्वी टपावरच्या लाल दिव्यातून, मागे बसलेल्या माणसातून. काल्पनिक गाडीला यातलं काहीच नसतं. चिन्ह नाही, किंमत नाही, मालक नाही. मग परीक्षक नकळत ओळखीच्या खुणा शोधतो आणि उंच, काळी, रुंद जाळीची, रागीट दिव्यांची गाडी रकाना मारून नेते. शेजारची छोटी, बसकी, पिवळी दोन आसनी गाडी कितीही ‘कूल’ असली तरी तिला रुबाब नसतो. शब्दानेच तिचे पाच-सहा गुण कापले.

‘डौल’ आणि ‘झोक’ हे दोन्ही शब्द मला फार आवडतात आणि दोन्ही इथे नाइलाजाने बाजूला ठेवावे लागतात. डौल चालण्यात असतो. हत्तीचा डौल, शिडाच्या होडीचा डौल. वळणावर किंचित कललेली बेस्टची जुनी दुमजली बस डौलदारच होती. झोकातही हालचाल आहे, शिवाय ‘झोकात आला’ म्हणताना कपड्यांचा थाटही डोळ्यांपुढे येतो. स्पर्धेतली गाडी मात्र कागदावर उभी आहे. अॅनिमेशन मागवलं असेल तर ‘डौल’ जरूर घ्या.

एक जुना शब्द आठवणीत आणून देतो: ‘फाकडा’. धाडस आणि छानछोकी या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बसवणारा, म्हणजे ‘कूल’च्या सर्वांत जवळचा मराठी शब्द बहुधा हाच. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात १७७९ साली कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन जेम्स स्टुअर्टला मराठ्यांनी ‘इष्टुर फाकडा’ केलं. शत्रू असूनही! मानाजी शिंद्यांनाही ‘फाकडे’ हेच बिरुद होतं. आज ‘फाकडू’ या रूपात तो थोडाफार तग धरून आहे. पण ‘गाडी’ स्त्रीलिंगी, म्हणजे ‘फाकडी’ म्हणावं लागणार, आणि ते रूप ऐकताच अर्ध्या समितीच्या भुवया वर जातील. शेऱ्यात लिहायला उत्तम, शीर्षकाला जोखमीचा.

माझं मत ‘ऐट’ला.

कारण ऐट ही उभं राहण्यात, बसण्यात, मान धरण्यात असते. ‘ऐटीत उभा आहे’ हा आपला नेहमीचा प्रयोग. तिला पद लागत नाही, पैसा लागत नाही. कोंबड्यालाही ऐट असते. आणि गाडी कागदावर ‘कूल’ का वाटते याचं सर्वांत मोठं कारण, डिझाइनवाल्यांच्या भाषेत, तिचा ‘स्टान्स’, म्हणजे ती चाकांवर कशी उभी आहे हेच असतं. हे मोजताही येतं. बाजूने काढलेल्या चित्रात पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधल्या मोकळ्या जागेत किती चाकं मावतात ते पाहा. नेहमीच्या चार मीटरच्या गाडीत जवळपास तीन मावतात. कल्पनाचित्रात चाकं मोठी काढली की ती संख्या दोन-अडीचवर येते आणि गाडी लगेच ऐटीत येते. गाडीची एकूण उंची चाकाच्या साधारण दुप्पट राहिली तर ती जमिनीला धरून बसल्यासारखी वाटते. अडीचपटीच्या वर गेली की डबा दिसू लागते. चाकांच्या बाहेरचा पुढचा-मागचा भाग जितका लांब लोंबेल तितकी ऐट कमी. चाकं अंगाच्या आत ओढलेली असली तर गाडी पाय जवळ घेऊन अवघडून उभी असल्यासारखी वाटते, कडेपर्यंत बाहेर आणली तर पाय रोवून.

हे अनुपात आपल्या लोकांना शिकवावे लागले नव्हते. १९५०च्या दशकातल्या फियाट ११०० ला मुंबईने ‘डुक्कर फियाट’ हे नाव तिच्या तोंडावरून आणि गोल पाठीवरून दिलं. त्यात हेटाळणी थोडी आणि लाड जास्त. पुढे त्याच घराण्यातली, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी काळी-पिवळी होऊन शहरभर फिरली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तिला रुबाब नव्हता, झोक नव्हता. ठेंगणी, ठुसकी, चौकोनी अंगाची. पण मागच्या मडगार्डांची टोकं अशी उचललेली की ऐट नाही असं म्हणवत नाही. ‘रुबाब’ आणि ‘ऐट’ यांतला फरक परीक्षकांना समजावायचा असेल तर एक मंत्र्यांची गाडी आणि एक पद्मिनी असे दोन फोटो शेजारी ठेवा, भाषण लागणार नाही.

‘ऐट’वर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे: या शब्दाला टीकेचीही धार आहे. ‘नुसती ऐट!’ म्हणजे आत काही नाही. माझ्या मते हा गुणच समजावा. कामाच्या नसलेल्या हवेच्या फटी, कुठेच न पोचणाऱ्या कडा, पंख, चार-चार धुराडी लावून गाडी ‘कूल’ करण्याचा प्रयत्न दर स्पर्धेत होतो. ‘कूल’चं एक लक्षण म्हणजे प्रयत्न दिसता कामा नये. अशा गाडीला इंग्रजीत वेगळं वाक्य लिहावं लागेल. मराठीत शेऱ्याच्या जागी ‘नुसती ऐट’ एवढं पुरतं आणि स्पर्धकाला नेमकं लागतं. मात्र रकान्याला ‘ऐटबाजी’ म्हणू नका. ‘बाजी’ लागली की निकाल आधीच लागला.

शब्द बदलला तरी मोजण्यातली गफलत आपोआप जात नाही, म्हणून थोडं तक्त्याबद्दल. शीर्षकाखाली बारीक अक्षरात एक प्रश्न छापा: ‘नाव, किंमत, रंग झाकले तरी गाडी ऐटीत उभी दिसते का?’ आणि खरोखरच झाका. प्रत्येक स्पर्धकाकडून ए-३ कागदावर एकास दहा प्रमाणात बाजूची भरीव काळी आकृती मागवा. कागद ४२ सेंटिमीटर लांब असतो, चार मीटरची गाडी ४० मध्ये बसते. परीक्षकांनी आधी या आकृत्या पाहून ऐटीचे गुण द्यावेत आणि नंतर रंगवलेली चित्रं उघडावीत. उलट क्रम ठेवला तर चकचकीत चित्राचे गुण दोनदा पडतात, एकदा ‘सादरीकरण’मध्ये आणि एकदा इथे. पहिल्याच गाडीला गुण देताना हात आखडतो, म्हणून सगळ्या आकृत्या एकदा नुसत्या पाहून घ्या, आणि प्रत्येक परीक्षकाला क्रम वेगळा द्या.

गुण ० ते १० द्यायला सांगून नंतर दुप्पट करा. वीसच्या पट्टीवर १३ आणि १४ मधला फरक कोणालाच सांगता येत नाही. ३, ५ आणि ८ म्हणजे काय ते शब्दांत लिहा. ३: नजर पुढे सरकते. ५: नजर थांबते. ८: पुढच्या गाडीवर गेल्यावरही मागे वळते.

एक सापळा आकड्यांचा आहे. ‘बांधणी’ला ३० गुण ठेवलेत आणि सगळ्यांना २२ ते २४ मिळाले, तर त्या रकान्याने फक्त दोन गुणांचा फरक पाडला. ‘ऐट’ २० गुणांचीच, पण ६ ते १८ अशी पसरली, तर स्पर्धा तिनेच जिंकून दिली, कागदावर वजन काहीही असो. बेरीज करण्याआधी प्रत्येक रकान्यातले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुण लिहून पाहा. तफावत फार असेल तर परीक्षकाच्या गुणांऐवजी त्याने लावलेला क्रमांक धरा. वरचा आणि खालचा गुण काढून टाकायची पद्धत या रकान्याला वापरू नका: पाच जणांनी ९, ९, ८, ३, २ दिले असतील तर त्या गाडीबद्दल भांडण होणं हीच तिच्याबद्दलची मोठी माहिती आहे. तिथे पाचही जणांना दोन-दोन मिनिटं बोलू द्या आणि हवं तर गुण बदलू द्या. ऐटीबद्दल भांडायला मराठी माणसाला दोन मिनिटं कमीच पडतील, तेव्हा घड्याळ लावा.

तक्त्यात लिहायचं ते असं: ‘ऐट – २० गुण’. शेऱ्यासाठी तीन शब्द हाताशी ठेवा: ऐटदार, फाकडी, नुसती ऐट.