नव्या गेमसाठी जुना संगणक: घोडे पेंड कुठे खाते?

नव्या, भारी गेमसाठी जुन्या संगणकात काय बदलावे, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी इतरांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न या वेळी निवडले आहेत.

प्रश्न : माझा संगणक सुमारे सात वर्षांचा आहे. त्यात रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड (६ जीबी) आणि ४५० वॅटचा पॉवर सप्लाय आहे. विंडोज छोट्या एसएसडीवर असून गेम हार्ड डिस्कवर आहेत. मॉनिटर १०८०पी आहे. मला ‘डूम : द डार्क एजेस’ खेळायचा आहे. सगळाच संगणक नवा घ्यावा, की काही भाग बदलून भागेल? आणि सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : भाग बदलून भागेल. मात्र गेमच्या किमान गरजांची यादी वाचताना तिच्यातल्या अटी दोन प्रकारच्या असतात, हे आधी लक्षात घ्यावे. काही अटी अशा असतात की त्या पूर्ण झाल्या नाहीत तर गेम सुरूच होत नाही, आणि काही अशा की गेम सुरू होतो, पण रखडत चालतो. मे २०२५ मध्ये आलेल्या या गेमला रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र रंगवण्याची) सोय मुळातच चिपमध्ये असलेले आणि ८ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड लागते. यांतली रे ट्रेसिंगची अट पहिल्या प्रकारची आहे. एनव्हिडियाने ही सोय २०१८ मध्ये आरटीएक्स २० मालिकेपासून आणि एएमडीने २०२० मध्ये आरएक्स ६००० मालिकेपासून दिली. आपले १०६० हे २०१६ चे कार्ड आहे, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणली तरी त्याचा इथे उपयोग नाही. या गेमपुरते तरी कार्ड बदलण्याला पर्याय नाही.

कार्ड निवडण्यापूर्वी मॉनिटरकडे पाहावे. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, १४४०पी वर ३६.९ लाख आणि ४के वर ८२.९ लाख, म्हणजे ४के पडद्यासाठी कार्डाला जवळपास चौपट काम करावे लागते. आपला मॉनिटर १०८०पीच राहणार असेल, तर बाजारातले सर्वांत मोठे कार्ड घेऊन आपल्या जुन्या प्रोसेसरमागे ताटकळत ठेवण्यात काहीच हशील नाही. आरएक्स ६६०० हे कार्ड गेमच्या यादीत किमान पातळीवर बसते, आरटीएक्स ४०६० त्याच्या बऱ्यापैकी पुढे आहे. मी आपल्या जागी असतो तर या दोन पातळ्यांच्या दरम्यानच शोधले असते.

दोन कार्डे आपल्याला कुणी स्वस्तात सुचवली तरी टाळावीत. पहिले आरएक्स ६५०० एक्सटी. त्याची मेमरी बहुतेक ४ जीबीच असते आणि ते मदरबोर्डशी फक्त चार पीसीआय लेनने (माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिकांनी) जोडले जाते. पीसीआय ४.० च्या नव्या बोर्डावर ते कसेबसे निभावते. पण आपला बोर्ड ३.० चा असल्याने तो रस्ताही निम्म्या रुंदीचा होतो. दुसरे इंटेलचे आर्क. ती कार्डे नव्या संगणकात चांगली चालतात, परंतु रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर त्यांचा वेग बराच घसरतो, आणि २६०० च्या पिढीतील प्रोसेसरसाठी इंटेल ती कार्डे सुचवत नाही.

आता पॉवर सप्लायबद्दल थोडे सविस्तर, कारण कार्डाच्या आनंदात हाच भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या वायरीतून १५०. आपले १०६० सुमारे १२० वॅट घेते, आरएक्स ६६०० सुमारे १३२ आणि आरटीएक्स ४०६० सुमारे ११५, म्हणजे एकूण ओझ्यात फारसा फरक पडत नाही. आरएक्स ६६०० साठी एएमडी ४५० वॅटचाच सप्लाय सुचवते. एनव्हिडिया ४०६० साठी ५५० म्हणते, पण त्यात बरीच सैल जागा धरलेली असते. मात्र वॅटच्या आकड्याइतकीच वायर महत्त्वाची आहे. १०६० ला बहुधा सहा पिनांची वायर लागत होती, नव्या कार्डाला आठ पिनांची लागेल. कॅबिनेटची बाजू उघडून वायरींच्या टोकाशी सहा आणि दोन पिनांची जोडगोळी आहे का, ते पाहावे. ती नसेल तर हार्ड डिस्कच्या वायरीला अडॅप्टर लावून काम भागवू नये. त्या पातळ तारा एवढ्या भारासाठी नसतात. सप्लाय बिननावाचा असेल किंवा त्यानेही सात वर्षे भरली असतील, तर कार्डाबरोबर तोही बदलावा.

रॅम आणि साठवण हे काम तुलनेने सोपे आहे. गेमला १६ जीबी रॅम लागते. आहे तशीच ८ जीबीची दुसरी रॅम मिळाली तर ती जोडावी, नाहीतर ८-८ जीबीची जोडी घ्यावी. १६ जीबीची एकच रॅम घेऊ नये, कारण दोन रॅम असल्या की प्रोसेसर दोन्हींकडून एकाच वेळी माहिती घेतो. डीडीआर४ ३२०० ची एक रॅम सेकंदाला २५.६ जीबी देत असेल, तर जोडी ५१.२ जीबी देते. डीडीआर५ या बोर्डात बसणारच नाही, तिची खाच वेगळ्या जागी असते. गेमसाठी सुमारे १०० जीबी जागा एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीवर हवी. साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास माहिती वाचते आणि आजचे गेम खेळाडू चालत असतानाच पुढचा प्रदेश डिस्कवरून ओढत असतात. बी४५० बोर्डांवर साधारणपणे एम.२ ची खाच असते, तिथे तो एसएसडी बसेल.

राहिला प्रोसेसर. गेमच्या यादीत किमान आठ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) रायझन ७ ३७००एक्स आहे, आपला सहा कोअरचा आणि त्याहून एक पिढी मागचा. ही अट मात्र दुसऱ्या प्रकारची आहे, म्हणून प्रोसेसर सर्वांत शेवटी ठेवावा. रॅम, एसएसडी आणि कार्ड घालून गेम खेळून पाहावा. गर्दीच्या लढायांत फ्रेम (पडद्यावर एकामागून एक उमटणारी चित्रे) अडखळू लागल्या तर रायझन ७ ५७००एक्स याच मदरबोर्डावर बसतो. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बोर्डाचे बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) नव्या आवृत्तीवर न्यावे. आधी प्रोसेसर बदलला आणि बायोस जुनेच राहिले, तर पडदा काळाच राहील आणि दोष नव्या प्रोसेसरला लागेल.

प्रश्न : गेल्या महिन्यात बऱ्यापैकी महागडे ग्राफिक्स कार्ड घेतले. बेंचमार्कच्या व्हिडिओंत याच कार्डावर १०० च्या वर फ्रेम दिसतात, माझ्याकडे मात्र ५५-६० च्या पुढे जात नाहीत आणि मधूनच झटके बसतात. कार्ड सदोष आहे का?

उत्तर : शक्यता कमी वाटते. कार्ड परत करण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात, आणि पहिली गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, पण ती वारंवार आढळते म्हणून लिहितो : मॉनिटरची वायर कार्डाच्या मागे लावली आहे, की मदरबोर्डाच्या? मदरबोर्डाच्या जागी असेल तर बहुधा प्रोसेसरमधली किरकोळ ग्राफिक्स चिपच कामाला लागते. आकडा नेमका साठच्या आसपास अडकत असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो तो आकडा) ६० वरच राहिलेला असू शकतो, किंवा गेममध्ये व्ही-सिंक (फ्रेमचा आकडा रिफ्रेश रेटशी बांधणारा पर्याय) चालू असेल.

हे ठीक असेल तर घोडे नेमके कुठे पेंड खाते, ते मोजून पाहावे. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहावा. तो ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने राबत आहे आणि सेटिंग खाली आणण्याशिवाय उपाय नाही. तो साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळत असेल तर कार्ड दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहत आहे. इथे बरेच जण फसतात. ते प्रोसेसरचा वापर पाहतात, तो चाळीस टक्केच दिसतो आणि ते प्रोसेसरला निर्दोष ठरवतात. परंतु तो आकडा सर्व कोअरची सरासरी असतो. गेमचे मुख्य काम एकाच कोअरवर चालू असेल तर तो एक कोअर शंभर टक्क्यांवर घामाघूम होत असतो आणि बाकीचे निवांत असतात.

याची खात्री करण्याची एक सोपी रीत आहे. गेममध्ये एका जागी उभे राहावे, फ्रेमचा आकडा टिपावा, मग रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणावे. कार्डाचे काम एका झटक्यात निम्म्याहून कमी होते, प्रोसेसरचे मात्र जवळपास तेवढेच राहते. आकडा चांगला वाढला तर अडचण कार्डाकडे होती. तो जागचा हलला नाही तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडत आहे. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, एकशेवीस हव्या असतील तर ८.३, तेवढ्या वेळात प्रोसेसरने आपले काम उरकले नाही तर पुढे कितीही तगडे कार्ड असो, ते हातावर हात ठेवून बसते.

दोष रॅमकडे निघाला तर खर्चही येणार नाही, असे पुष्कळदा होते. ३२०० ची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय) चालू केल्याशिवाय बऱ्याच बोर्डांवर २१३३ किंवा २४०० नेच चालते. एक पर्याय चालू करून संगणक पुन्हा सुरू केला की काम होते.

झटके फक्त नव्या जागी पहिल्यांदा गेल्यावर बसत असतील आणि दुसऱ्या फेरीत नाहीसे होत असतील, तर ते शेडर (प्रकाश आणि रंग ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याचे झटके आहेत. काही गेम हे काम सुरुवातीलाच करून घेतात. तेव्हा पडद्यावर टक्केवारी सरकत असते. ती घाईने वगळू नये. तेच झटके अर्ध्या तासानंतर सुरू होत असतील तर तापमान पाहावे. धूळ साचलेला पंखा आणि वाळलेली थर्मल पेस्ट असली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो.

प्रश्न : ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’च्या शिफारस केलेल्या गरजांमध्ये साठ फ्रेम लिहिल्या आहेत, पण ‘फ्रेम जनरेशन चालू असताना’. या साठ फ्रेम खऱ्या धराव्यात का?

उत्तर : पडद्यावर त्या साठच दिसतात, हाताला मात्र साठ वाटत नाहीत. फ्रेम जनरेशनमध्ये दोन खऱ्या फ्रेमच्या मधली एक फ्रेम अंदाजाने रचली जाते. ती रचण्यासाठी पुढची खरी फ्रेम क्षणभर रोखून धरावी लागते, त्यामुळे बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा वेळ थोडा वाढतोच. मुळात साठ फ्रेम मिळत असतील आणि मॉनिटर १२० किंवा १४४ हर्ट्झचा असेल, तर ही सोय छान वाटते. एएमडीही मूळ फ्रेम किमान साठच्या आसपास असाव्यात असेच सुचवते. तीसच्या साठ करून घेतल्या तर चित्र गुळगुळीत होते, पण खेळ तीसचाच जाणवतो. गरजांच्या यादीत असा आधार घेतलेला दिसला की तो आकडा मनातल्या मनात निम्मा करून वाचावा, असे माझे मत आहे.

अपस्केलिंग ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याविषयी माझी एवढी तक्रार नाही. एनव्हिडियाचे डीएलएसएस किंवा एएमडीचे एफएसआर ‘क्वालिटी’वर ठेवले की १०८०पी पडद्यासाठी गेम आतून ७२०पी वर रंगवला जातो आणि मग मोठा केला जातो. यात फ्रेम खऱ्याच वाढतात. ४के पडद्यावर हे काम सुबक दिसते. १०८०पी वर मुळात बिंदूच थोडे असल्याने दूरचे गवत आणि तारा किंचित पुसट होतात.

प्रश्न : मुलीकडे तीन वर्षांपूर्वीचा गेमिंग लॅपटॉप आहे. त्यात नवे ग्राफिक्स कार्ड बसवता येईल का?

उत्तर : नाही. लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप आणि प्रोसेसर जवळजवळ नेहमीच बोर्डावर पक्के जोडलेले असतात. रॅम आणि एसएसडी मात्र बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये बदलता येतात. असे लॅपटॉप अनेकदा एकाच रॅमसह विकले जातात. दुसरी खाच रिकामी असेल तर तिथे जोडीची रॅम घालणे, हा सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक पाडणारा बदल आहे. गेम खेळताना चार्जर जोडलेला असावा. बॅटरीवर चिपला पुरेशी वीज दिली जात नाही.

प्रश्न : ‘बॅटलफील्ड ६’ सुरू करताना सिक्युअर बूट चालू करा, असा संदेश येतो. बायोसमध्ये तो पर्याय चालू केला तर विंडोजच सुरू होईना. परत बंद केल्यावर सुरू झाले. संगणक बदलावा लागेल का?

उत्तर : संगणक बदलण्याची गरज दिसत नाही. हा गेम फसवणूक रोखण्यासाठी सिक्युअर बूटचा (फक्त खात्रीच्या सॉफ्टवेअरनेच संगणक सुरू होऊ देणाऱ्या सोयीचा) आग्रह धरतो. आपले विंडोज बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर बसवलेले आहे आणि ती पद्धत सिक्युअर बूटबरोबर चालत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या डिस्कच्या गुणधर्मांत ‘व्हॉल्यूम्स’खाली एमबीआर लिहिले आहे की जीपीटी (नवी पद्धत), ते पाहावे. एमबीआर असेल तर विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्क पुसून न टाकता जीपीटी करता येते. तरीही त्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी आणि रूपांतर होईपर्यंत बिटलॉकर थांबवून ठेवावे. रूपांतर झाल्यावर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय) बंद करावे आणि त्यानंतरच सिक्युअर बूट चालू करावे. हा क्रम उलटा झाला की आपल्याला आला तोच अनुभव येतो.