खुल्या कारागृहातून आलेला नवरा खरंच बदललाय का?

एका ताईंचा प्रश्न आहे, नवरा पतसंस्थेच्या घोटाळ्यात आत होता, आता सुटून येतोय, पुन्हा तसं करणार नाही कशावरून? असं विचारणाऱ्या बऱ्याच जणी येतात म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

हे गृहस्थ मॅनेजर, खोटी कर्जखाती दाखवून ठेवीदारांचे पैसे फिरवले, चारशे नऊ, म्हणजे विश्वासानं सोपवलेले पैसे हडपल्याचं कलम लागलं, शिक्षा झाली. आधी नागपूर सेंट्रल जेलला होते. तिथे शिकलेला माणूस म्हणून लिखापढीचं काम मिळालं, बाकीचे कैदी अर्ज लिहून घ्यायला यायचे, म्हणजे आतही हे साहेबच, अन् डोक्यात पक्कं की मला वरच्यांनी अडकवलं. मग वर्तणूक चांगली म्हणून मोर्शीच्या खुल्या कारागृहात पाठवलं. तिथे शेतीकाम, पहारा नावापुरता, मनात आणलं तर पळून जाता येईल, पण गिनतीला, म्हणजे कैदी मोजतात तेव्हा, हजर पाहिजे. 1939 साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली त्यामागेही हाच विचार होता, माणसावर विश्वास टाकून बघायचा. ज्यानं विश्वासच मोडलाय त्याला हे फार जड जातं, असं मला वाटतं.

शेतात निंदायला, म्हणजे तण काढायला बसले की सगळ्यात मागे हेच. खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेला एक जण आपली ओळ संपवून यांची अर्धी ओळ निंदून द्यायचा. हे सांगताना ते रडले, "मॅडम, सेंट्रलला मी असल्या लोकांशेजारी जेवायला बसत नव्हतो."

घरी आल्यावर बायको घाबरून माझ्याकडे आली. "हे सहा वाजले की आंगणात जाऊन उभे राहतात, दहा रुपयाचा सांबार (कोथिंबीर) आणला तरी वहीत लिहून माझी सही घेतात, डोक्यावर परिणाम झाला का हो?" मी म्हटलं, आंगणातलं ती गिनतीची सवय आहे, हळूहळू सुटेल, वही चालू द्या.

पण नुसत्या वहीवर मी विसंबत नाही. हिशोब दाखवायला त्यांना आधीही यायचा, त्यातच तर हात साफ केला होता. मी बघते की ज्यांचे पैसे गेले ती माणसं बोलण्यात येतात का. सुरुवातीला "तो प्रकार" एवढंच म्हणायचे, खूप दिवसांनी एकदा स्वतःहून म्हणाले की एका रिटायर्ड बाईंनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले होते. तिथून खरं काम सुरू झालं. सगळ्यांचं असं होत नाही, काही जण मोर्शीत फक्त माफीचे, म्हणजे शिक्षेतून कमी होणारे दिवस मोजून येतात.

म्हणून ताई, घरचं खातं सध्या तुमच्याच नावावर ठेवा, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. कोणाला जामीन राहायचं, कुठे सही द्यायची, आधी तुम्हाला विचारून. अन् जेलमध्ये काय भोगलं ते ऐकाच, पण ठेवीदारांबद्दलही विचारा, चिडले तरी थोड्या दिवसांनी परत विचारा.