दुकानातले संगणक भंगारात द्यायचे का?

प्रश्न : दादा, यावलला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. विंडोज १० बंद झालं, आता दोन्ही संगणक बदला, असं विक्रेता सांगतो. बदलू का?

उत्तर : भाऊ, विक्रेता दुसरं काय सांगणार! १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला, संगणक नाही संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, जुने प्रोसेसरही ते नाकारतं. त्यामुळे धडधाकट यंत्रं बाद ठरतात. यावर जगभर ओरड झाली आणि मला ती रास्त वाटते.

सातबारा, परीक्षेचे अर्ज ही कामं ब्राउझरवरच होतात ना? मग एकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी संगणकप्रणाली टाका, फुकट आहे. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. तुमचा प्रिंटर ओळखला तरच पुढे जा. युनिकोड मराठी, म्हणजे मोबाइलवर लिहितो तसलं, तिथे छान चालतं. लग्नपत्रिकांचं जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर मात्र अडेल. त्यासाठी दुसऱ्यावर विंडोज १० राहू द्या, पण इंटरनेटची वायर काढून. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह त्याला लावू नका, व्हायरसची बरीच रोगराई तिथूनच येते.

नवा घ्यायचाच तर जूनमधली प्रवेशअर्जांची गर्दी होऊन जाऊ द्या, हातात पैसे खेळतील.