स्ट्रासबर्गला येताय, तर थोडं लांबलचक उत्तर

तुम्ही विचारलंय की स्ट्रासबर्गला नोकरी मिळतेय, सोबत बायको आणि नऊ वर्षांची मुलगी, तर घर शहरात बघायचं की नदीपलीकडे जर्मनीत केलला, शाळा कुठली, आणि तो भाग म्हणे सारखा फ्रान्स-जर्मनी फ्रान्स-जर्मनी होत होता तर तिथले लोक स्वतःला नक्की कोण समजतात. व्हिसा, पगाराची अट वगैरे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही. केलचं एवढंच की परवाना फ्रान्सचा असला तर जर्मनीत बिऱ्हाड करता येत नाही. ट्राम २०१७ पासून पूल ओलांडून थेट केलपर्यंत जाते, शांपू आणि डायपर आणायला अख्खं शहर तिकडे जातं, तुम्हीही जाल. तिसरा प्रश्न वाचला आणि मग मी बराच वेळ काही लिहिलंच नाही, कारण मी बेळगावची आहे आणि सीमाभाग म्हटलं की आमच्या घरात आपोआप आवाज चढतात.

तर पहिली पगाराची स्लिप आली की त्यात १.३ टक्क्यांची एक कपात दिसेल जी पॅरिसच्या मित्राच्या स्लिपमध्ये नसते. ती जर्मन चान्सलर बिस्मार्कची कृपा. १८७० च्या युद्धात फ्रान्स हरला, १८७१ ला अल्सास, म्हणजे स्ट्रासबर्ग ज्यात आहे तो प्रांत, आणि शेजारच्या लोरेनचा काही भाग जर्मन साम्राज्यात गेला, मग १८८३ चा बिस्मार्कचा आजारपणाच्या विम्याचा कायदा इथे लागला, आणि १९१८ ला फ्रान्स परत आला तेव्हा लोक म्हणाले बाकी काय ते करा पण हा विमा आम्ही सोडणार नाही. म्हणून डॉक्टरच्या फीचे इथे ९० टक्के परत मिळतात, बाकी फ्रान्समध्ये ७०. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबरची जादा सुट्टी त्याच काळातली. आगगाड्यासुद्धा फ्रान्सभर डाव्या रुळावरून धावतात, इथे उजव्या. संस्था नोंदणीचा कायदा पण जर्मन काळातला, १९०८ चा, त्यात निदान सात सभासद लागतात, बाहेर दोघांत भागतं. आम्ही मराठी मंडळ काढायला निघालो होतो, सातवा माणूस मिळाला नाही. एकटेपणाबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही, सवय होते.

त्याच्या आधीचं थोडक्यात सांगायचं तर स्ट्रासबर्ग हे जुन्या पवित्र रोमन साम्राज्यातलं स्वतंत्र शहर होतं, १६८१ ला फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं घेतलं. १८७० च्या जर्मन तोफमाऱ्यात ग्रंथालय जळालं, बाराव्या शतकातली एक चित्रांची पोथी त्यात गेली, आणि नंतर त्याच जर्मनांनी नवीन भव्य ग्रंथालय, विद्यापीठ, कैसरचा म्हणजे जर्मन सम्राटाचा राजवाडा असा अख्खा नवा भाग बांधला जो आज युनेस्कोच्या यादीत आहे. घर त्या भागात मिळालं तर घ्या, छत उंच असतं, हीटिंगचं बिल पण.

आता कागदपत्रं. माझ्या जन्मदाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं. आपल्याकडे हे इतकं नेहमीचं आहे की कुणी बघतही नाही. इथे एका कार्यालयात फाइल अडकली कारण त्यांच्या मते या दोन वेगळ्या बायका. भाषांतर करून दिलं, शपथपत्र दिलं, खिडकीमागची बाई दर वेळी तेच विचारायची, यातलं खरं नाव कुठलं. मी म्हटलं दोन्ही. ते उत्तर लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही.

संतापून घरी आले आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना सांगितलं तर त्या हसल्या. त्यांच्या वडिलांचं नाव शार्ल, १९४० ला नाझींनी अल्सास घेतल्यावर फ्रेंच नावांवर बंदी आली आणि त्यांचा कार्ल झाला. रस्ते, दुकानांच्या पाट्या, सगळं बदललं, डोक्यावरची फ्रेंच टोपीसुद्धा चालेना. पण फ्रेंचांनी पण १९१८ नंतर कमी केलं नव्हतं. आईवडील कुठले यावरून लोकांना ए, बी, सी, डी अशी कार्डं वाटली, डी म्हणजे जर्मन, आणि हजारोंना थोड्याशा सामानानिशी ऱ्हाइनपलीकडे हाकललं. एका घरात नवऱ्याचं कार्ड एक, बायकोचं दुसरं. मला माझी फाइल आठवली.

आजींच्या कपाटावर वडिलांचा फोटो आहे, हनुवटीच्या खाली कापलेला, फ्रेमच्या मानानं अगदीच छोटा. कापलाय कारण खाली जर्मन युनिफॉर्म होता. २५ ऑगस्ट १९४२ ला हुकूम निघाला आणि अल्सासच्या पोरांना सक्तीनं जर्मन सैन्यात घातलं, शेजारच्या मोझेल जिल्ह्यासकट एक लाख तीस हजाराच्या आसपास. पळून जावं तर मागे घरच्यांना उचलायचे. बहुतेकांना रशियाच्या आघाडीवर पाठवलं, तिथे पकडले गेले तर रशियनांच्या लेखी ते जर्मनच, रशियातल्या तांबोव्हच्या युद्धकैद्यांच्या छावणीत. आजींचे वडील तिथून परत आले, त्यांच्या धाकट्या भावाचं काय झालं ते कधी कळलंच नाही. आणि आजींचे आजोबा १९१४ ला कैसरच्या सैन्यात होते ते वेगळंच. वर १९५३ ला बोर्दोला खटला झाला, फ्रान्समधल्या ओरादूर गावात जर्मन सैनिकांनी केलेल्या हत्याकांडातल्या आरोपींमध्ये यांच्यातलीच सक्तीनं भरती झालेली पोरं निघाली, इकडे लोक त्यांना माफी द्या म्हणत होते, ओरादूरचे लोक शिक्षा मागत होते, शेवटी पार्लमेंटनं माफी दिली आणि दोन्हीकडची मनं कायमची आंबली. म्हणून एक सांगते, ऑफिसात गंमतीनं सुद्धा "तुम्ही तर अर्धे जर्मनच की" असं बोलू नका. मी बेळगावची तुलना इथे कुणापुढे करत नाही. १९५६ ला आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरला गेला त्याचा राग आमच्या बाबांना आजही आहे, दर एक नोव्हेंबरला काळी पट्टी बांधून फेरीत जातात, पण कुणी आम्हाला दुसऱ्याचा युनिफॉर्म घालून मरायला नाही पाठवलं.

शाळेचं मात्र मला अजून सलतं. प्रवेशाच्या वेळी धर्माच्या तासाचा कागद येईल, दचकू नका. फ्रान्सनं १९०५ ला धर्म आणि सरकार वेगळं केलं तेव्हा इथे कैसर होता, म्हणून इथे नेपोलियनच्या वेळचा पोपशी झालेला करारच चालू आहे, पाद्री आणि रब्बींना पगार सरकार देतं. कागदावर कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू, आपला रकाना नाही, सूट हवी म्हणून चिठ्ठी द्यायची, संपलं. ते नाही सलत. सलतं ते हे की पहिल्या सत्रात आमची पोर वर्गात बोलेना, तर बाईंनी मला बोलावून सांगितलं की घरी मराठी बंद करा, फक्त फ्रेंच बोला, तिचा गोंधळ होतोय. माझी फ्रेंच तेव्हा भाजी आणण्यापुरती. हे आजींना सांगितलं तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. युद्धानंतर त्यांना शाळेत अल्साशियन, म्हणजे इथली जर्मन वळणाची बोली, बोलल्याबद्दल शंभर-शंभर ओळी लिहायला लावायचे, फ्रेंच बोलणं कसं झोकदार असतं याची पोस्टर लागली होती, आणि आता त्यांच्या नातवंडांना त्यांची बोली येत नाही. मी बाईंचं ऐकलं नाही. पण पोरीनं ऐकलं. आता ती मराठीत विचारलेल्याचं उत्तर फ्रेंचमध्ये देते, व्हिडिओ कॉलवर बाबा मला विचारतात काय म्हणाली ग ती, आणि मी सांगते. ज्या माणसानं मराठी शाळेसाठी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या त्याला नातीचं बोलणं मी समजावून सांगते, यावर मला अजून काही सुचलेलं नाही.

बारा तास फ्रेंच, बारा तास जर्मन असे दुभाषी वर्ग सरकारी शाळांत आहेत, लोक खूप नावाजतात. नऊ वर्षांच्या मुलीला एकदम दोन नव्या भाषा, मी तरी नाही घालणार, पण तुमची पोर कशी आहे ते तुम्हाला माहीत. निघण्याआधी तिच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव चढलंय का ते बघा, पुष्कळदा ती जागा कोरीच असते, आणि बायकोच्या कागदांवर मधलं नाव कुठे कुणाचं आहे ते मला कळवा, मग कुठलं शपथपत्र आधीच करून आणायचं ते सांगते.