एकच पुस्तक, अकराव्यांदा

"मॅडम, याला एकटं हसायची सवय लागलीय," आईने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. मागे आजी उभी होती. तिने अहिराणीत भर घातली, "हाऊ एकलाच हासस. काय व्हयनं तेले, माले समजत नही."

सप्टेंबर २०२३ मधली ही गोष्ट. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीतला. त्याला इथे भावेश म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. शिंदखेडा तालुक्यातलं तापीकाठचं गाव, थोडी कोरडवाहू जमीन, वडील सुरतला उधन्यात लूमवर कामाला. आमच्या भागातल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस असा सुरतच्या गाडीने गेलेला असतो आणि होळी-दिवाळीला परततो. घरी आई, आजी आणि भावेश. दोन बस बदलून ती तिघं धुळ्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी आली होती.

तक्रार अशी. शाळेच्या पुस्तकपेटीतून भावेशने एक पुस्तक आणलं होतं. देवमाशाच्या पिल्लाची विनोदी कादंबरी, शंभरएक पानांची, मधे मधे चित्रं. ती त्याने दहा वेळा वाचली आणि आता अकराव्यांदा वाचत होता. जेवताना, न्हाणीच्या दारात, झोपायच्या आधी, तेच पुस्तक. मधेच खदखदून हसायचा. शाळेच्या पुस्तकातला धडा वाचायला सांगितला की मात्र अडखळायचा. वर्गशिक्षकांनी आईला बोलावून सांगितलं की वाचनात मागे आहे, पुढच्या वर्षी पाचवीची शिष्यवृत्ती आहे, असली टाइमपास पुस्तकं बंद करा. वडील फोनवर म्हणाले, धुळ्याला कुणाला तरी दाखव.

हीच काळजी घेऊन बरेच पालक येतात. मूल एकच पुस्तक धरून बसतं, तेही बोध-बिध काही नसलेलं, नुसतं हसायचं. अभ्यासाचं वाचायला नको. हे बिघडलं की काय?

भावेशने पुस्तक पोटाशी धरलं होतं. गोष्ट काय आहे, मी विचारलं. तो जमिनीकडे बघत पाठ केल्यासारखं म्हणाला, "एक देवमाशाचं पिल्लू असते. त्याला खोल जाता येत नाही." पुढे गप्प. शाळेत विचारल्यावर मुलं देतात तसलं उत्तर. आईने कोपराने ढोसलं, "नीट सांग ना मॅडमला." त्याने ओठ आणखी घट्ट मिटले.

बोलता बोलता आईने एक गोष्ट सांगितली होती, ती माझ्या डोक्यात घोळत होती. भावेशने मधे विचारलं होतं, देवमाशाचा बाप कुठे असतो? कादंबरीत बाप नाहीच. खऱ्या समुद्रातही पिल्लाला वाढवायला फक्त आई असते, नर त्यात नसतो. इकडे वडील सुरतला. मला धागा सापडला असं वाटलं आणि मी विचारलं, "पप्पांची आठवण येते, म्हणून हे पुस्तक वाचतोस का रे?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "पप्पांची आठवण आली की मी पप्पांना फोन लावतो. पुस्तक हसायला वाचतो."

हे उत्तर मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. मुलाच्या आवडीच्या मागे दुःखच असणार, असं धरून चालणं ही आम्हा समुपदेशकांची खोड आहे, आणि पालकांनाही ती आमच्याकडून लागते. आवडीला आवड म्हणून आधी बघायला हवं.

मग मी आजीला पुढे बोलावलं आणि भावेशला म्हटलं, मला नको सांगू, आजीला सांग, घरी सांगतोस तसं. तो खुर्चीवरून उतरला, आजीच्या पुढ्यात फतकल मारून बसला आणि त्याची भाषा सुटली. "माय म्हनस, दम धर, खाले चाल. तो दम धरस, आनि तेले हासू येस. बुडबुड, बुडबुड, परत वर!" गाल फुगवून, डोळे मोठे करून, मग तोंडातून सगळी हवा सोडत. आजी पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग तिलाच शंका आली, "आरे पन तो मासा शे ना? तेले दम कसाले लागस?"

"मासा नही शे तो. नावच तसं शे. तो आपलामायक दम लेस, मायनं दूध पिस."

आई माझ्याकडे बघत राहिली. सस्तन प्राणी म्हणजे काय, हा प्रश्न घटक चाचणीत त्याने कोरा सोडला होता. तो पेपर तिच्याच पिशवीत होता.

मी आजीला आणखी थोडं सांगितलं, कारण तीही आता रंगली होती. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतःच साधारण सात मीटर लांब असतं, वजन अडीच-तीन टन. आईचं दूध इतकं दाट की पाण्यात पटकन विरघळत नाही, आणि त्या दुधावर पिल्लू दिवसाला नव्वद किलोच्या आसपास वाढतं. "म्हणजे रोज जवळजवळ एक क्विंटल," मी म्हटलं. कापूस मोजून विकणाऱ्या घराला क्विंटल समजावून सांगावा लागत नाही. आजीने कपाळाला हात लावला. भावेशने लगेच विचारलं, सुरतहून तापीतून तो आमच्या गावाला येईल का? वर्गात त्याने हेच विचारलं होतं आणि सगळे त्याला हसले होते. मला तर तो प्रश्न फार चांगला वाटला. तापी सुरतपाशी समुद्राला मिळते हे त्याला ठाऊक होतं, पप्पा तिथेच असतात हेही ठाऊक होतं, आणि नकाशातल्या रेघेवरून त्याने उलटा प्रवास करून पाहिला होता. मी म्हटलं, नाही येणार. त्याला खोल, खारं पाणी आणि पोटभर खाणं लागतं, नदीत ते नाही. आणि वाटेत उकाईचं धरण आहे. त्यावर तो पटकन म्हणाला, "मग धरणाला धडकून हसेल तो."

आता वाचनाकडे येते. मूल वाचनात मागे आहे हे नुसतं म्हणून चालत नाही, मोजावं लागतं. पाठ्यपुस्तकातला न वाचलेला उतारा त्याने मिनिटाला ३४ शब्दांच्या वेगाने वाचला, एकेक शब्द सुटा, सुपारी फोडल्यासारखा. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. म्हणजे शिक्षकांची काळजी खरी होती. मग देवमाशाचं पुस्तक उघडायला लावलं. ७१ शब्द.

"ते तर पाठ झालंय त्याला," आई म्हणाली. रास्त शंका आहे, आणि ती घरच्या घरी तपासता येते. मूल पाठ म्हणत असेल तर त्याला मधूनच सुरू करता येत नाही, मागून धरून यावं लागतं. मी कुठलंही पान उघडून मधल्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने तिथूनच वाचलं. एक शब्द मी कागदाने झाकला, तर थांबला, अंदाज केला, कागद काढल्यावर बघून स्वतःला दुरुस्त केलं. हा वाचत होता. आणि विनोदाच्या जागी नेमका आधी थांबत होता. पिल्लू दम धरून आकडे मोजतं, एक, दोन, तीन, आणि चारच्या आधी भावेशचा आवाज बारीक व्हायचा. स्वल्पविराम कशाला असतो हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हसवायचं असेल तर कुठे थांबावं लागतं, हे त्याला त्या पानाने शिकवलं होतं. ओळ कळल्याशिवाय तिचं हसू येत नाही. म्हणून मला मुलाचं पुस्तक वाचतानाचं हसणं आकलनाच्या दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगून जातं.

पुन्हा पुन्हा वाचणं ही तर शिकवण्याची मान्य पद्धत आहे. अमेरिकन अभ्यासक एस. जे. सॅम्युएल्स यांनी १९७९ साली ती मांडली. छोटा उतारा पुरेसा वेग येईपर्यंत परत परत वाचायचा, मग पुढचा घ्यायचा. अक्षरं जुळवण्यात मन अडकेनासं झालं की ते अर्थाकडे वळतं, आणि आधी कमावलेलं नव्या उताऱ्यात उपयोगी पडतं. भावेश हेच करत होता, कुणी न सांगता. पुस्तक काढून घेतलं असतं तर चालू असलेला सराव आपणच बंद पाडला असता.

तरी मी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितलं. दोन्ही ठीक निघाले. ओळी सुटणं, सारखी दिसणारी अक्षरं महिनोन्महिने अदलाबदल होणं, हातात पुस्तक नसताना अकारण हसू येणं, पुस्तक बाजूला ठेवायला सांगितल्यावर आवरता न येणारा राग, खेळ आणि मित्र तुटणं, यातलं काही असेल तर जरूर दाखवा. भावेश संध्याकाळी पोरांबरोबर गोट्या खेळत होता आणि हाक मारली की पुस्तक मिटून जेवायला येत होता.

घरी करायला मी एकच काम दिलं. रोज आजीला एक पान मराठीत वाचून दाखवायचं आणि मग अहिराणीत सांगायचं. आईला वाटत होतं अहिराणीने मराठी बिघडेल. एका भाषेतला विनोद दुसऱ्या भाषेत उतरवून समोरच्याला हसवणं हे मोठ्या माणसालाही सहज जमत नाही, आणि पोरगं ते करत होतं. मी तिला तसं सांगितलं. शिक्षकांना चिठ्ठी लिहून दिली, त्यांनी ती मनापासून वाचली आणि पेटीतलं पुस्तक त्याच्याकडेच राहू दिलं.

दिवाळीत लूम बंद, वडील घरी आले. आणि त्याच आठवड्यात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. वनखात्याची माणसं, गावकरी दोन दिवस झटले, त्याला ओढून समुद्रात नेलं. सगळ्यांच्या मोबाइलवर ते व्हिडिओ फिरत होते. भावेशने ते वडिलांच्या फोनवर पाहिले. मग ते पिल्लू मेल्याची बातमी आली.

त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला. त्यांच्याशी मी पहिल्यांदाच बोलत होते. "मॅडम, त्याला अजून माहीत नाही. वाचलं म्हणून सांगू का?" मी म्हटलं, भाऊ, नका. शाळेत त्याला कळेलच, आणि मग तुमचं पुढचं बोलणंही तो तोलून बघेल. जवळ बसून खरं सांगा, आणि तो विचारेल त्याचं उत्तर द्या.

त्याने विचारलं ते असं: "तो हवाच घेतो ना? मग पाण्याबाहेर कसा मेला?" वडिलांनी मला पुन्हा फोन लावून फोन त्याच्याच हातात दिला. मी सांगितलं, पाणी त्याचं वजन तोलून धरतं. वाळूवर त्याचंच वजन त्याच्या छातीवर येतं, श्वास घ्यायला जड जातं, आणि जाड चरबीमुळे अंग तापत जातं. थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "आपण तापीत डुंबतो तेव्हा हलकं लागतं. तसं का?" हो, तसंच.

त्याने पुस्तक धान्याच्या कोठीवर ठेवून दिलं. चार दिवस हात लावला नाही. आई घाबरली, आता वाचन सुटलं. मी म्हटलं, कोठीवर आहे ना, राहू द्या. कुणी उतरवून हातात देऊ नका.

वडील सुरतला परत जायच्या आदल्या रात्री त्यांनीच ते उतरवलं आणि खाटेवर बसून स्वतः वाचायला घेतलं. सातवीत शाळा सोडलेला माणूस, बोट फिरवत, अडखळत वाचत होता. भावेश लांब बसून ऐकत होता. दम धरायच्या पानावर वडील आकडे एका सुरात म्हणून गेले, तसा तो जवळ आला. "असं नाही पप्पा. तीनच्या नंतर थांबायचं." पुढचं पान त्याने वाचलं, त्याच्या पुढचं वडिलांनी. आईने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वडिलांनी निघताना ठरवलं, रात्रपाळीला जायच्या आधी रोज फोन करायचा आणि भावेशने दोन पानं वाचायची. कुठलंही पुस्तक चालेल, पण तीनच्या नंतर थांबायचं.

जानेवारीअखेर ती मंडळी परत आली तेव्हा मी भावेशला न वाचलेला उतारा दिला. ५८ शब्द. सुपाऱ्या अजून अधूनमधून फुटतात, पण वाक्य वाक्यासारखं ऐकू येतं. पेटीतली आणखी तीन पुस्तकं वाचून झाली होती. देवमाशाचं किती वेळा झालं, ते त्याने मोजणं सोडलं होतं.

पुस्तकाचा पाठकणा निघाला होता. तो आजीने गोधडीच्या सुईने पांढऱ्या दोऱ्यात शिवला होता, धाव टाके, सरळ, अगदी जवळजवळ. ती आता रात्री स्वतःच विचारते, "काय रे, आज कितला खाले गया?"